अंबूबाईच्या फेण्या आणि हरेशच्या चकत्या

कडावच्या नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारा, गेट कुणाकडून करून घेऊ? समोरचा माणूस आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल आणि मग एकच नाव सांगेल, हरेश भोईर. वर हेही सांगेल, की बाबा, तो वेळ लावतो, तोंडानं फटकळ हाय, पण त्याचं गेट हलत नाय.

हलत नाय, हे हरेशचं ब्रीदच. गेट बसलं, सिमेंट सुकलं, की तो मालकाला समोर उभा करतो. चपला काढतो, गेटाचं मोकळं टोक वरून दोन्ही हातांनी धरतो आणि पाय उचलून चक्क लोंबकळतो. चांगला आडवा गडी, पोटही सुटलेलं. मालक आ वासून बघत राहतो. बिजागरी कुरकुरली नाही, खांब हलला नाही, की हरेश उतरतो, चपला घालतो आणि म्हणतो, "आता म्हैस बांधा नायतर हत्ती." एका फार्महाउसवाल्या बाईंनी त्याचा तसा फोटो काढून फ्रेम करून पाठवला. तो दुकानात लावलाय, लक्ष्मीच्या तसबिरीच्या शेजारी. लाज नाही वाटत का, असं त्याच्या आईनं विचारलं, तर म्हणे, "लाज कसली? गेट बघ, कसं सरळ हाय!"

असा हा सरळ माणूस. त्याला आयुष्यात एकदाच डुगडुगतं काम करावं लागलं, त्याची ही गोष्ट.

त्याची बायको संजना लग्नाआधी कर्जतच्या कॉलेजात एनसीसीला होती आणि बंदुकीत पटाईत होती. हे हरेशला माहीत नव्हतं. बघायला गेला तेव्हा तिनं पोहे केले होते, आणि पोहे करणाऱ्या मुलीला बंदूक चालवता येते का, असं कोण विचारतो? सुपारी फुटल्यावर दोन्ही घरची मंडळी जत्रेला गेली. तिथं फुगे फोडायचा स्टॉल होता. हरेशनं ऐटीत बंदूक घेतली आणि एकही फुगा न फोडता परत ठेवली. संजनानं हळूच विचारलं, "मी बघू का?" पहिला छर्रा तिनंही चुकवला. फुगेवाल्याची बंदूक वाकडी असते हे जगजाहीर आहे. ती किती वाकडी आहे एवढंच तिनं त्या छर्‍यात बघून घेतलं. मग जी सुरुवात केली ती वरची रांग संपेपर्यंत. फुगेवाल्यानं हात जोडले, "ताई, पोटावर पाय नका आणू." हरेश तिथंच पाघळला. परतीच्या वाटेवर, सासरा पुढं चालतोय याची तमा न बाळगता, बोलून गेला, "तुला मी घरीच बांधून देईन. चांगली लोखंडी निशाणी. रोज फोड काय फोडायचं ते."

बोलून गेला आणि विसरला. पुरुषाची जात! लग्न झालं, पोरगी झाली, दोनाच्या सहा म्हशी झाल्या. संजना विसरली नव्हती, पण तिनं कधी आठवणही करून दिली नाही. ती फक्त दर जत्रेला त्या स्टॉलसमोर जरा वेळ थांबायची.

यंदा मात्र तिची एनसीसीची मैत्रीण वनिता भेटली. जिल्ह्याची एअर रायफलची स्पर्धा होती आणि त्यात म्हणे चाळिशीच्या आसपासच्या बायकांचा वेगळा गट. "तू नाव दे, नायतर मीच देते," वनिता म्हणाली आणि खरंच देऊन मोकळी झाली. संजनानं भिशी उचलून रायफल आणली. हवेवर चालणारी, छर्‍याची. हरेश आपला पावती घेऊन कर्जतला पोलीस ठाण्यात विचारून आला, घरी चालवली तर चालेल ना म्हणून. हवालदारानं पावती बघितली, चालेल म्हणाला, आणि मग आपल्या घराच्या गेटाचं काय होईल ते विचारलं.

पण सराव कुठं करायचा? नेमबाजीची रेंज तिकडं पनवेलला. जाऊन-येऊन दिवस जायचा, आणि म्हशी काही थांबत नाहीत. एका संध्याकाळी संजना धारेला बसली असताना हरेश गोठ्याच्या दारात उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "जत्रेत मी कायतरी बोललेलो."

"बोललेलात," ती म्हणाली. मान वर केली नाही, पण हसली. त्या हसण्यावर हरेशनं दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

घरामागं गोठा, आणि गोठ्याच्या कडेनं थेट शेताच्या बांधापर्यंत मोकळी पट्टी होती. जागा नामी. संजनानं त्याला नीट समजावलं. कागदावर तर नेम धरायचाच, पण लोखंडाची मजा वेगळी, लागलं की तिथल्या तिथं टिंग करून सांगतं, उठून बघायला जावं लागत नाही. फक्त चकती घट्ट बसवायची नाही, साखळीला टांगायची. आणि तिची वरची कड आपल्याकडं जराशी झुकलेली हवी, म्हणजे छर्रा आपटून खाली मातीत जाईल. सरळ उभी आणि घट्ट ठेवली, तर तो आल्या वाटेनं परत येतो.

हरेशनं मान डोलावली आणि जाऊन काय केलं? जाड अँगल घेतला, त्यावर पाच चकत्या ओळंबा लावून सरळ वेल्ड केल्या, आणि खालचे पाय हातभर काँक्रीटमध्ये गाडले. सवय हो! हाताला जे वळण पडलंय ते कानात घातलेल्या चार गोष्टींनी जातंय थोडंच? सिमेंट सुकल्यावर त्यानं चपला काढल्या आणि त्या चौकटीला लोंबकळून दाखवलं. बाजूनं जाणारी हिरूकाकू थबकली. शेजारीण ती, तिला कुठलीही बातमी शिळी झालेली चालत नाही. "काय रं, सर्कस काढतोस काय?" म्हणाली.

चकत्यांच्या मागं छर्रे अडवायला त्यानं पेंढ्याच्या गुंड्या रचल्या होत्या. आयता माल, गोठ्याशेजारीच. त्या मात्र त्याच्या आईनं, अंबूबाईनं, बघितल्या.

अंबूबाई म्हणजे म्हशींची आई आधी आणि हरेशची मागाहून. पदर खोचून आली, एक गुंडी उचलून म्हणाली, "हा पेंढा नंतर कोण खानार रं?"

"म्हशी."

"आनि त्यातलं शिसं? तुजा बाप खानार?"

हरेशनं मुकाट्यानं गुंड्या हलवल्या आणि वाळूची पोती आणून ठेवली. आईचं म्हणणं खरं होतं. पण चकत्या सरळच्या सरळ राहिल्या. संजनाच्या मनात आलं बोलावं, पण त्याच्या तोंडावरचा आनंद बघून ती गप्प बसली. तिचीही तेवढी चूक झालीच.

रविवारी सकाळी मुहूर्त. संजनानं डोळे वाचवायचा जाड चष्मा लावला, हरेशला लावायला लावला, रायफल खांद्याला टेकवली. हरेशला वाटलं, जत्रेतली पोरगी पुन्हा समोर उभी राहिली. तिनं श्वास सोडला, दाबलं. टिंग! काय गोड आवाज! हरेश टाळी वाजवणार तेवढ्यात मागं दुसरा आवाज आला, टण्ण. गोठ्याच्या दारात अंबूबाई दुधाची किटली घेऊन उभी होती, आणि किटलीला पोटाशी एक पोचा पडला होता.

म्हशी रवंथ करायच्या थांबल्या असं हरेश अजून सांगतो. अंबूबाईनं किटली खाली ठेवली, पोच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बंद."

"आई, ऐक तर..."

"किटलीच्या जागी माजा डोला असता तर? बंद म्हंजे बंद."

संजनानं वाद घातला नाही. तिनं रायफल पुसली, पिशवीत घातली आणि कपाटावर, लग्नातल्या पेटीच्या मागं ठेवून दिली. मग ती भाकऱ्या थापायला बसली. हरेशला तेच फार लागलं. ती भांडली असती, रडली असती, तर परवडलं असतं. पण रायफल ठेवतानाचा तिचा हात इतका सरावलेला होता, जसं काही हे आपण आधीही एकदा केलंय. आणि केलंच होतं की! एकदा लग्नासाठी एनसीसीची बंदूक ठेवली होती. या वेळी त्याच्या सरळ कामापायी.

जेवताना तो हळूच म्हणाला, "तू मला सांगितलं का नाय परत?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी चकती सांगत होते, तुमी गेट ऐकत होता."

हरेशनं ताटातला भात तसाच टाकला. भोईरांच्या घरात भात टाकायची पद्धत नाही, तेव्हा समजून घ्या.

दुसऱ्या दिवशी तो ग्राइंडर घेऊन मागच्या अंगणात गेला आणि स्वतःचंच काम कापायला लागला. कडावच्या इतिहासात हरेश भोईरचं वेल्डिंग कुणी तोडलेलं नव्हतं, तोडता येतही नव्हतं, त्याचं त्यालाच घाम फुटेपर्यंत तुटलं नाही. मग दुकानात बसून त्यानं नव्या चकत्या केल्या, कडक पोलादाच्या, तोंड गुळगुळीत घासलेल्या. पाळण्याला लागतात तसले आकडे आणले, बारीक साखळ्या आणल्या. प्रत्येक चकती टांगून करंगळीनं ढकलायची, ती डुलली की पुढची घ्यायची. वर्षानुवर्षं लोंबकळून काम तपासणारा गडी करंगळीनं काम तपासत होता! दुकानात कुणी आलं की तो पाठ करून त्या साखळ्या झाकायचा. माल घरी नेतानाही टेंपोवर ताडपत्री टाकली. नाक्यावर कुणाला दिसलं, की हरेशचं काम डुगडुगतंय, तर तोंड कुठं लपवायचं?

या वेळी तो प्रत्येक गोष्ट संजनाला विचारून करत होता, आणि ऐकतही होता. चकत्या पुढं झुकलेल्या. खाली वाळूचा हौद. मागं तिरका पत्रा, त्यामागं वाळूची पोती, त्यामागं बांध. दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या भिंती. नेम चालू असताना काठीला लाल फडकं, गोठ्याचं दार बंद, आणि संजनानं रायफल रिकामी करून खाली ठेवल्याशिवाय पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही. चष्मे घरातल्या सगळ्यांना. सगळं झाल्यावर त्यानं अंबूबाईला आणून दाखवलं.

तिनं फिरून बघितलं. एका चकतीला बोट लावलं, ती डुलली. "हे तू केलंस?" म्हणाली.

"हां."

"हलतंय."

"हलायलाच पायजे," हरेश म्हणाला, आणि हे बोलताना त्याचे कान लाल झाले.

"ते तुजं म्हननं. मागल्या टायमाला पन तू लय सांगितलंस." अंबूबाईनं पदर सारखा केला. "मी माज्या पद्धतीनं बघनार. फेन्या घालायच्याच हायत."

आता फेणी माहीत नाही असा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. तांदळाचं पीठ आंबवायचं, पातळ करून ताटलीवर पसरायचं, वाफवायचं, आणि अलगद सोडवून उन्हात वाळत टाकायचं. सुकली की फेणी इतकी पातळ होते, की पलीकडचं दिसतं. नखाचा धक्का लागला तरी तुटते. अंबूबाईचं म्हणणं असं, की चकत्यांपासून संजनापर्यंत दोन्ही कडांनी बाजा टाकायच्या, त्यांवर लुगडी आणि लुगड्यांवर फेण्या. दुपारी त्या सुकल्या की संजनानं हवे तेवढे छर्रे मारावेत. एक जरी छर्रा, त्याची एक जरी कपची परत आली, तर फेणीवर कळेल. "एक फेनी फुटली," ती म्हणाली, "तर बंदूक कपाटावर, आनि परत माज्याकडं विषय काडायचा नाय."

उजाडताच चुली पेटल्या. हिरूकाकू मदतीला आली, म्हणजे बघायला आली, आणि येताना गल्लीतल्या चार जणींना घेऊन आली. फेण्यांच्या ओळी लागल्या. बाजेच्या पायथ्याशी अंबूबाई काठी घेऊन कावळे हाकायला बसली. ही काठी लहानपणी कावळ्यांइतकीच हरेशवरही चालायची. अर्धओली फेणी, जराशी आंबूस, जराशी चिवट, ही त्याची जन्माची कमजोरी. अजूनही फेण्यांच्या दिवसांत तो उगाचच अंगणात घुटमळतो.

आणि त्या दिवशी तर तो पुरता बेचैन होता. साखळ्या बघून झाल्या, पोती चाचपून झाली, लाल फडकं दोनदा बांधून झालं. अंबूबाई पाणी प्यायला आत गेली. संजना आत चष्मे पुसत होती. हरेश बाजेशेजारी उभा होता, हाताला काम नव्हतं, जिवाला थारा नव्हता. पुढचं त्याला नीट आठवत नाही. तोंडात आंबूस चव आली तेव्हा कळलं, की आपण काय केलंय. खाली बघितलं, तर एका फेणीची कड गायब. त्यानं ती फेणी घाईघाईनं शेजारच्या फेणीखाली सरकवली आणि देवाचं नाव घेतलं.

दुपारी फेण्या कडकडीत सुकल्या. बायका पडवीत चष्मे लावून ओळीनं बसल्या. हिरूकाकूला चष्मा इतका आवडला की तो तिनं दोन दिवस परत केला नाही. फडकं वर गेलं. संजना उभी राहिली. पहिली टिंग झाली, चकती मागं गेली, डुलत पुढं आली. सगळ्यांनी आधी फेण्यांकडं बघितलं. दुसरी टिंग. तिसरी. मग मोजणंच सुटलं. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, ती एकेक चकती बोलती करत होती, आणि पडवीत बायका प्रत्येक टिंगेला "आगं बया!" म्हणत होत्या. हरेशनं पहिल्यांदा बघितलं, की आपलं काम हलताना किती छान दिसतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, चष्मा होता म्हणून बरं.

संजनानं रायफल रिकामी केली, खाली ठेवली. अंबूबाई उठली. एकेक बाज, एकेक ओळ बघत पुढं निघाली. फेणी उचलायची, उन्हाकडं धरायची, टोपलीत टाकायची. पहिली बाज झाली. दुसरी झाली. तिसऱ्या बाजेवर ती थांबली. तिनं एक फेणी वर धरली. तिची कड नव्हती.

"फुटली का गं?" हिरूकाकूनं हळूच विचारलं.

अंबूबाईनं नुसतं कडेवरून बोट फिरवलं. संजनानं ती फेणी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. तरी ती एवढंच म्हणाली, "ठरलं होतं ना, आई. ठेवते मी." आणि रायफलीची पिशवी उचलायला वाकली.

हरेशनं पडवीकडं बघितलं. समोर गल्लीतल्या बायका, त्यात हिरूकाकू, म्हणजे सांज व्हायच्या आत नाका, नाक्यावरून कर्जत. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, दुकानात स्वतःचा फोटो लावणारा! पण संजनाचा हात पिशवीपर्यंत पोचला होता.

"छर्‍यानं नाय," तो ओरडला. ओरडायची गरज नव्हती, पण ओरडला. "मी खाल्ली."

"काय?" संजना सरळ झाली.

"फेनी. सकाली. ओली होती तवा. मीच तोडली आनि खाल्ली, आनि लपवली."

पडवी हसून फुटली. हिरूकाकू तर चष्म्यासकट आडवी झाली. संजना तोंडावर पदर धरून खाली बसली, हसतेय की रडतेय ते तिलाही कळेना. हरेश चोरासारखा उभा.

अंबूबाईनं ती फेणी सुनेच्या हातात दिली. "कड बग," म्हणाली. "सुकल्यावर फुटली तर कड सरल निगते. ही वललीय. ओली असताना तोडल्याबिगर वलत नाय. मला उचलल्या उचलल्याच कललं."

"मग बोललीस का नाय?" हरेश म्हणाला.

"बगत होते, तू बोलतोस का." मग तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, लहानपणी घालायची तसाच, आणि सुनेला म्हणाली, "संजे, ठेव ती पिशवी खाली. चल, मार अजून. बाकीच्या फेन्या बगून होईस्तवर वाजू दे."

स्पर्धेत संजनाचा तिसरा नंबर आला, वनिताचा सातवा, आणि त्यावरून त्यांचं अजून चालतं. पण गल्लीला त्याचं फारसं काही नाही. गल्लीच्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच घडली. फेण्यांच्या त्या दिवसानंतर दुसऱ्या सकाळी हरेश बघतो तर अंबूबाईनं कुणी न सांगता बाजा त्याच पट्टीच्या कडेला ओढल्या होत्या, आदल्या दिवसापेक्षा चकत्यांच्या जवळ. त्या टिंग टिंग आवाजाला कावळे फिरकत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं होतं. काठी घेऊन बसायचं काम संपलं. आठ दिवसांत हिरूकाकूच्या फेण्या आल्या, मग शेजारच्या दोघींच्या सांडग्या मिरच्या आल्या, आणि आता उन्हाळ्यात संजनाला सरावाला उशीर झाला, तर बायकाच दारात येऊन हाका मारतात, "आगं, बंदूक काड ना, कावलं येतील!"

लाल फडकं वर जातं, चष्मे वाटले जातात, अंबूबाई निवांत पान लावत बसते. काठी मात्र तिनं हाताशीच ठेवलीय. हिरूकाकूनं एकदा विचारलं, "आता ही कशाला गं? कावलं तर सगलं पलालं."

"एक ऱ्हायलाय," अंबूबाई म्हणाली. "त्यो बंदुकीला नाय भीत."